पट्टीवर चढलेलं ऑईल

जुलैतल्या एका दुपारी काकू गाडी घेऊन आल्या आणि उतरता उतरताच म्हणाल्या, "अरे, वास येतोय, शिट्टी वाजतेय, सगळं खरं. पण ऑईलचं मात्र नाव नको. थेंबभरही खात नाही गाडी. मी दर महिन्याला ऑईल मोजायची पट्टी काढून बघते. उलट थोडं वाढलंच आहे!"

हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. इंजिनातलं ऑईल कमी होतं, तेवढंच राहतं, पण वाढत कधी नाही. वाढलंय म्हणजे त्यात दुसरं काहीतरी येऊन मिसळतंय.

काकू पार्ल्याच्या, हनुमान रोडच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या मारुती 800 पासून त्यांच्या गाड्या माझ्याकडे येतात. माझं गॅरेज अंधेरी पूर्वेला, जुन्या नागरदास रोडच्या मागे आहे. पट्टी पुसून, परत घालून, मग वाचायची हे त्यांना मीच शिकवलं होतं, आणि त्या ते न चुकता करत होत्या. आताची गाडी लहान आहे. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवणारं. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारा छोटा पंखा. काकांना बसायला-उतरायला सीट जरा उंच हवी म्हणून मुलाने घेऊन दिलेली.

माझ्याकडे यायच्या आधी त्या कंपनीच्या एका वर्कशॉपात जाऊन आल्या होत्या. तिथे टर्बोतून येणारी हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा पाईप काढून आत बोट फिरवलं, बोटाला ऑईल लागलं, आणि "टर्बो गेला" म्हणून लाखाच्या घरातलं एस्टिमेट हातात दिलं. पाईपात ऑईल दिसलं की टर्बो बदला, हे आता पाठच झालंय लोकांचं. ते ऑईल तिथे कुठून आलं, हा प्रश्न विचारायला दहा मिनिटं लागतात, आणि त्या दहा मिनिटांचं बिल करता येत नाही.

पट्टी काढली. ऑईल वरच्या खुणेच्या चांगलं सेंटीमीटरभर वर. बोटांवर घेतलं तर पाण्यासारखं पळालं. नाकाशी नेल्यावर बोलायलाच नको. झाकणाच्या आतून फिकट पिवळी साय धरलेली. पावसाळ्यात अशी थोडी साय बऱ्याच गाड्यांत दिसते, ती दमट हवेची आणि इंजिनातल्या वाफेची. पण ही चमच्याने काढता आली असती.

आता इथे घाई करून चालत नाही. पेट्रोल ऑईलमध्ये बहुतेक वेळा दोन वाटांनी येतं. पेट्रोल उडवणारा एखादा इंजेक्टर गळत असतो, किंवा इंजिन धड गरमच होत नसतं. इंजेक्टर गळत असेल तर कितीही उंची ऑईल घाला, महिन्याभरात तीच गत. म्हणून आधी स्कॅनर लावला. गाडी बंद करून पंधरा मिनिटं रेलचं, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं, प्रेशर बघत बसलो. टिकून राहिलं, म्हणजे इंजेक्टर गळत नव्हता. मग चालू करून गरम होऊ दिली. जशी गरम झाली तशी फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलच्या मापात करतो ती कमी-जास्त, उणे चौदा टक्क्यांपर्यंत उतरली. म्हणजे इंजिनला न मागितलेलं पेट्रोल कुठून तरी मिळत होतं आणि कॉम्प्युटर आपलं माप कमी करत चालला होता. मी ब्रीदरचा पाईप काढला, जो खालच्या चेंबरमधली वाफ इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा घेतं त्या वाटेत, नेतो. इनटेककडचं तोंड बुचाने बंद केलं. ट्रिम वर सरकत उणे तीनवर येऊन थांबली. जादाचं पेट्रोल इंजेक्टरमधून नाही, खालच्या चेंबरमधल्या ऑईलमधून वाफ होऊन वर येत होतं. ते आकडे सरकताना पाहिले तेव्हा आयटीआयपासूनची सगळी वर्षं कामी आल्यासारखं वाटलं. आमच्या धाकट्या हेल्परला मी हाक मारून ते दाखवलं, आणि त्याने बुच काढून-लावून दोनदा पुन्हा करून पाहिलं.

मग ऑईल सोडलं, पण ट्रेमध्ये नाही, मापाच्या जगमध्ये. फिल्टरसकट 3.5 लिटर घातलं होतं. 3.9 लिटर बाहेर आलं.

टर्बोचं म्हणाल तर त्याचा शाफ्ट ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, लहान टर्बोत मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत. तिथून ऑईल खाली चेंबरमध्ये उतरतं ते नुसत्या उताराने, कुठला पंप ते ओढत नाही. चेंबरमधली पातळी चढली की उतरणीला अडथळा होतो आणि ऑईल सीलच्या बाजूने वाट काढतं. शिवाय पातळ झालेल्या ऑईलचे तुषार ब्रीदरमधून इनटेकमध्ये जातात. पाईपातलं ऑईल हे होतं. शाफ्ट हलवून पाहिला. आडवा थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, जो अशा बेअरिंगला असायचाच. पुढे-मागे काही जाणवला नाही. पात्यांच्या कडा कुठे घासलेल्या नव्हत्या. जुना फिल्टर कापून कागद उलगडला, चुंबक फिरवलं. धातूची चकाकी नव्हती.

मी काकूंना सांगितलं, टर्बो बदलायचा नाही.

मग मीटर पाहिलं. मागच्या वर्षीच्या मेमध्ये ऑईल बदललं तेव्हापासून चौदा महिन्यांत 1,612 किलोमीटर. दाराच्या चौकटीवर माझ्याच हातचा स्टिकर. मोठ्या आकड्यात 10,000 आणि त्याखाली बारीक अक्षरात 'किंवा 1 वर्ष'.

"काकू, गाडी कुठे कुठे जाते?"

"कुठे जाणार? ह्यांचं डायलिसिस. सोमवार, बुधवार, शनिवार. गोरे पुलावरून पलीकडे सोडते, चार तास तिथे बसून काय करू, घरी येते. मग परत आणायला जाते. आणि कधी भाजीला."

मी कागदावर मांडलं. आठवड्याला तीन दिवस, दिवसाला चार फेऱ्या, प्रत्येक फेरी दोन किलोमीटर, आणि बहुतेक फेऱ्यांच्या मधे गाडी निवण्याइतका वेळ. चौदा महिन्यांत सातशेच्या वर स्टार्ट. 1,612 किलोमीटर हा आकडा बघून कोणीही म्हणेल की गाडी नुसती उभी होती. पण त्या इंजिनाने सातशे वेळा झोपेतून उठून दोन किलोमीटर धाव घेतली होती आणि एकदाही अंग गरम होऊ दिलं नव्हतं.

गार इंजिन पेट्रोल जास्त मागतं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. जळताना झालेल्या पाण्याची वाफही तिथेच जिरते. ऑईल शंभर अंशांच्या आसपास पोचून काही वेळ तिथे राहिलं तर हे दोन्ही उडून जातं. नाही पोचलं तर साठत जातं. सुई मधे आली म्हणजे इंजिन गरम झालं, असं सगळ्यांना वाटतं. ती सुई पाण्याची असते. दुसऱ्या दिवशी नवं ऑईल घातल्यावर मी स्कॅनर लावून काकूंच्या दारापासून डायलिसिस सेंटरच्या फाटकापर्यंत गाडी चालवून पाहिली. पुलावरची गर्दी धरून अकरा मिनिटं. फाटकाशी पाणी 82 अंश, सुई बरोबर मधे. ऑईल 58.

आणि मी मागच्या वर्षी काय केलं होतं? गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या दाटपणाचं, 5डब्ल्यू-30 ग्रेडचं ऑईल घातलं होतं, फुल सिंथेटिक, एपीआय एसपी दर्जाचं. डबा बरोबर, ग्रेड बरोबर, बिल बरोबर. गाडी कुठे कुठे जाते हे मात्र विचारलं नव्हतं. त्या वेळी काकांचं डायलिसिस सुरू होऊन दोन महिने झाले होते आणि मला ते ठाऊकही होतं, कारण तब्येतीची चौकशी मी केली होती. एक गोष्ट काका म्हणून ऐकली आणि गाडीच्या कामाशी जोडलीच नाही. हे अजून मनातून जात नाही. गाडीच्या पुस्तकात 'कठीण वापर' म्हणून जो रकाना असतो, त्यात छोट्या फेऱ्या आणि थांबत-थांबत चालवणं हे स्पष्ट लिहिलेलं असतं आणि त्यासाठी मुदत कमी दिलेली असते. मुंबईतली निम्मी गाडी त्या रकान्यात बसेल. तो रकाना ना वर्कशॉपातला ॲडव्हायझर वाचतो, ना गिऱ्हाईक. मी वाचतो, आणि तरीही स्टिकरवर 10,000 लिहिलं.

आता घालायचं कुठलं? ऑईलच्या दुकानात गेलो तर काउंटरवरच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि 20डब्ल्यू-50 चा डबा पुढे सरकवला. "पातळ होतंय ना, मग जाड घाला. टर्बो आहे, मुंबईची गरमी आहे." हा सल्ला मी लहानपणापासून ऐकतोय. माझे उस्ताद कुर्ल्यात पद्मिनी टॅक्स्या करायचे, तेही जाडच घालायचे, आणि त्या इंजिनांना ते चालायचंही. त्यातली शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. सल्ला मागे राहिला.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या दाटपणाचा असतो, नंतरचा गरमीतल्या, आणि मुंबईत कुठे थंडी, असं म्हणतात. पण ऑईलच्या दृष्टीने आपली तीस अंशांची सकाळसुद्धा गारच. 40 अंशांना 20डब्ल्यू-50 हे 5डब्ल्यू-30 पेक्षा साधारण अडीच पट घट्ट असतं. काकूंच्या गाडीचं जवळपास सगळं आयुष्य त्याच तापमानात जातं. स्टार्ट मारल्यावर टर्बोच्या बारीक नळीतून ऑईल वर पोचायला जो वेळ लागतो तो सातशे वेळा वाढवायचा, आणि पेट्रोल तर तरीही मिसळत राहणारच. डबा परत सरकवला.

दुसऱ्या बाजूला, अगदी पातळ 0डब्ल्यू-20 घालावं तर पेट्रोल मिसळल्यावर हातात काय उरणार? 30 ग्रेडचं ऑईल पेट्रोलने पातळ होत 20 मध्ये उतरतं, 20 चं तर आणखी खाली.

मी त्याच 5डब्ल्यू-30 वर आलो, पण डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचून. दोन 5डब्ल्यू-30 एकसारखी नसतात. बेअरिंगमध्ये चेपलं जाताना, 150 अंशांवर, ऑईल किती दाट राहतं याचं वेगळं माप असतं. 30 ग्रेडला ते किमान 2.9 लागतं. डब्यावर एसीईए सी3 हा युरोपातला दर्जा लिहिलेला असेल तर किमान 3.5. थंडीत तेवढंच पळणारं आणि गरमीत जास्त तग धरणारं. हे दोन्ही याच गाडीच्या पुस्तकात चालतं म्हणून लिहिलेलं आहे, म्हणून मी ते घेऊ शकलो. पुस्तकाबाहेरचं घेतलं नसतं. सोबत एपीआय एसपी हवंच. 2020 पासून आलेला हा दर्जा लहान टर्बो इंजिनांसाठी मोलाचा आहे. इंजिन हळू फिरत असताना टर्बोचा जोर पडला की पेट्रोल ठिणगीच्या आधीच पेटतं आणि पिस्टन फोडू शकतं, ते या दर्जाच्या ऑईलमध्ये आटोक्यात ठेवलेलं असतं. पुलावर तिसऱ्या गिअरमध्ये रेटत चढणाऱ्या गाडीला याची गरज नाही असं कोण म्हणेल? तरी दुकानांत जुन्या दर्जाचे डबे सवलतीत विकतात आणि लोक 'कुठल्या कंपनीचं' एवढंच विचारतात.

पण डब्यापेक्षा महत्त्वाची होती मुदत. मी काकूंना म्हटलं, पहिलं भरलेलं महिन्याने सोडायचं, आतली घाण घेऊन ते बाहेर येईल. ते माझ्याकडून. त्यानंतर दर सहा महिन्यांनी, मीटर काहीही सांगो.

त्यांनी हिशेब केला. बँकेतल्या बाई. "सहा महिन्यांत सातशे किलोमीटर होतील. सातशे किलोमीटरवर ऑईल फेकायचं?"

त्यांच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हा गॅरेजवाला तुम्हाला लुटतोय, मी माझ्या गाडीचं ऑईल पंधरा हजारावर बदलतो. त्यांची गाडी रोज पार्ल्याहून ठाण्याला जाते. त्यांच्या ऑईलला रोज तासभर अंघोळ मिळते. मी काकूंना जगमधलं ऑईल दाखवलं, एक थेंब टिपकागदावर सोडला. मधे काळा ठिपका आणि भोवती रुंद, पातळ, तेलकट कडं पसरत गेलं. शेजारी नव्याचा थेंब. त्या बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिल्या.

"म्हणजे मी दर महिन्याला बघून खूश होत होते, ते पेट्रोल होतं."

मला उत्तर देता आलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली. आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढा, चाळीस मिनिटं, मधे न थांबता. हे सांगताना मला संकोच वाटत होता. ज्या बाईचा आठवडा तीन डायलिसिसमध्ये वाटला गेलाय तिला मी इंजिन गरम करायला फिरून या म्हणत होतो.

त्या फिरतात. रविवारी सकाळी सातला, काकांना शेजारी बसवून, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेने दहिसर नाक्यापर्यंत आणि परत. आल्यावर गाडी दहा मिनिटं उभी ठेवून पट्टीचा फोटो पाठवतात. पहिल्या रविवारच्या फोटोखाली लिहिलं होतं, "ह्यांनी दहिसरला उसाचा रस मागितला. नाही म्हटलं. बोरिवलीपर्यंत बोलले नाहीत."

महिन्याने पहिलं भरलेलं सोडलं. 3.5 घातलं होतं, 3.5 च्या किंचित कमी निघालं. टिपकागदावरचं कडं निम्म्याहून अरुंद. पेट्रोलचा वास नाही, झाकणाखाली साय नाही. शिट्टी मात्र आहे, बारीक, फक्त पुलाच्या चढावर. पाईपाचा क्लॅम्प बदलला तेव्हा कमी झाली, गेली नाही. ते बेअरिंग चौदा महिने पातळ ऑईलवर फिरलंय, आणि प्ले हाताला नेहमीचा लागला तरी हाताला सगळं कळतं असं नाही. टर्बो बदलू नका हे मी सांगितलंय. शनिवारी डायलिसिसहून परत आणताना गोरे पुलावर ती गाडी बंद पडली तर आत कोण बसलेलं असेल, हे मला माहीत आहे.

दोन्ही टिपकागद मी वर्कबेंचच्या वर टाचून ठेवलेत. तिसऱ्यासाठी शेजारी जागा ठेवली आहे, फेब्रुवारीसाठी.