जुनी हार्ड डिस्क भंगारात देण्याआधी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. दसरा-दिवाळीची आवराआवर सुरू झाली की सिडकोतल्या आमच्या दुकानात हा प्रश्न हमखास येतो, दादा, घरात जुनी हार्ड डिस्क पडलीये, फॉरमॅट मारून भंगारवाल्याला दिली तर चालेल ना?

नाही चालणार. आणि मी लगेच उलट विचारतो, तिच्यावर गेम खेळायचात का? लोक चमकतात, पण मला खरंच माहीत करून घ्यायचं असतं.

आधी फॉरमॅटचं. डिलीट किंवा क्विक फॉरमॅट केलं की जाते ती फक्त कुठली फाइल कुठे आहे याची नोंद, आतला मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच राहतो, आणि फुकटातल्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेसुद्धा पॅन कार्डाचा स्कॅन, सातबारा, बँकेचे स्टेटमेंट सगळं वर येतं. डिस्क चालू असेल तर विंडोजमध्ये डिस्कपार्ट (कमांड टाइप करून चालवायचं डिस्कचं टूल) उघडा, साइज बघून बरोबर डिस्क निवडलीये ना ते दोनदा तपासा आणि ‘क्लीन ऑल’ द्या, नुसतं ‘क्लीन’ नाही. मग डिस्कच्या प्रत्येक सेक्टरवर, म्हणजे छोट्या कप्प्यावर, शून्य लिहिलं जातं. 1 टीबीला काही तास लागतात, लागू देत. 35 वेळा पुसायला लागतं असं कुणी सांगेल, तो आकडा 1996 च्या एका शोधनिबंधातला, तेव्हाच्या ड्राइव्हसाठीचा, आता एकदा नीट पुसलं की पुरे. एसएसडीला (चकत्या नसलेल्या, चिपवाल्या डिस्कला) मात्र हे लावू नका, तिथे कुठे लिहायचं ते आतला कंट्रोलर ठरवतो आणि काही भाग सुटतो, तिला कंपनीच्या टूलमधून सिक्युअर इरेज, म्हणजे सगळं पुसायचा तिचा स्वतःचा आदेश द्या.

बंद पडलेली डिस्क असेल तर ती उघडून ज्यावर डेटा असतो त्या चकत्याच खराब करायच्या, नुसतं वरचं सर्किट फोडून काही होत नाही. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये चकती बऱ्याचदा काचेची असते, तिच्या ठिकऱ्या उडतात, गॉगल घाला. उरलेलं अधिकृत ई-कचरावाल्याकडेच.

आता गेमचं, कारण माझा जीव त्यात आहे. 1999 चा होमवर्ल्ड, अंतराळातल्या लढायांचा गेम, ज्यांनी खेळलाय त्यांना कळेल. हायपरस्पेसची, म्हणजे लांबच्या अंतराळउडीची, चाचणी करून मदरशिप (आपलं मुख्य जहाज) परत येते तर आपला खाराक ग्रह जळतोय, ग्रहावर कुणी उरलेलं नाही, आणि तिथून घर शोधायचा प्रवास. त्यात एका मिशनमधली जहाजं पुढच्या मिशनमध्ये तशीच यायची, म्हणजे शत्रूची फ्रिगेट्स (मोठी लढाऊ जहाजं) सॅल्व्हेज कॉर्व्हेट या छोट्या जहाजांनी ओढून आणून जमवलेला ताफा प्रत्येकाचा वेगळा. गेम आजही विकत मिळतो हो, 2015 मध्ये नव्याने रीमास्टर होऊनही आला. तुमचा ताफा कुठे मिळणार? तो गेम जिथवर खेळलात ते साठवणाऱ्या सेव्ह फाइलमध्ये आहे, आणि ती फाइल पॅन कार्डाशेजारी त्याच डिस्कवर.

म्हणून पुसण्याआधी गेमचं आख्खं फोल्डर कॉपी करा. नुसतं माय डॉक्युमेंट्स उचलून भागत नाही, तेव्हाचे बरेच गेम सेव्ह स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवायचे, हाफ-लाइफचं तसंच होतं, आणि जुनी सेव्ह नव्या आवृत्तीत उघडेलच असं नाही म्हणून मूळ गेमसकट घ्या. आयडीई केबलवाली (जुन्या रुंद पट्टीच्या केबलची) डिस्क असेल आणि आताच्या पीसीला लागत नसेल तर यूएसबी अडॅप्टर मिळतो, किंवा सरळ दुकानात घेऊन या, मी कॉपी करून देईन, पुसायचं काम त्यानंतर.