जिजाऊंच्या माहेरी

नागपूरहून समृद्धीने आलो. त्या रस्त्याबद्दल इतकंच सांगतो की गाडी पळते आणि माणूस घोटभर चहासाठी तरसतो. सिंदखेडराजात शिरल्यावर पहिल्याच टपरीवर दोन कप रिचवले, तेव्हा कुठे डोळे उघडले.

राजवाड्यावर मात्र जत्रा. जिजाऊंच्या जन्मस्थानी हात जोडायलाही रांग, कारण पुढच्याचा सेल्फी संपत नाही. १२ जानेवारीला इथे लाखो लोक येतात, त्या दिवशी काय होत असेल देव जाणे. आमच्यासोबतच्या स्थानिक काकांनी रंगपंचमीची बखरीतली गोष्ट रंगवून सांगितली: लहानग्या शहाजी-जिजाऊंनी एकमेकांवर रंग उडवला, जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव गमतीने म्हणाले ‘जोडा छान दिसतो’, आणि शहाजींचे वडील मालोजी यांनी तो शब्द पकडून ठेवला. खरी असो नसो, गोष्ट गोड आहे. पण ती संपली की काकांच्या लेखी जाधवांचं कामच संपलं. लेक दिली, आता रजा घ्या!

मला हेच खटकलं. लखुजीरावांची समाधी गावातच आहे, म्हणून ‘तिकडे जाऊ या’ म्हटलं, तर काका म्हणाले, “तिथं काय पाहता, समाधीच हाये नुसती.”

नुसती? समोर उभं राहिलं की मान वर करावी लागते. दगडी, भक्कम, वर घुमट. एखाद्या मकबऱ्याशेजारी ठेवली तरी कमी पडायची नाही. आत पाऊल टाकलं तर कबुतरं फडफडत उडाली. बाकी आम्हीच. राजवाड्यातली ती गर्दी इथे एकाही माणसाच्या रूपाने पोचली नव्हती.

२५ जुलै १६२९. देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवणारं हे घराणं, आणि त्याच देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाहाच्या दरबारात लखुजीरावांना मारलं. सोबत अचलोजी आणि राघोजी ही दोन मुलं, नातू यशवंतराव. शिवजन्म १९ फेब्रुवारी १६३०चा, म्हणजे तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. हा हिशोब मी समाधीच्या सावलीत उभा राहून बोटांवर केला आणि त्यानंतर बराच वेळ कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. बाप, दोन भाऊ, भाचा, एकाच दिवशी.

ही गोष्ट कुणी रंगवून का सांगत नाही, हेही कळतं. लखुजीराव कधी निजामशाहीत, कधी मोगलांकडे. १६२४च्या भातवडीच्या लढाईत सासरे मोगलांच्या बाजूला, तर जावई शहाजीराजे निजामशाहीच्या मलिक अंबरच्या. पुढेही तेच. मराठ्यांचे सेनापती धनाजी जाधव याच वंशातले; आणि १७५७मध्ये पेशव्यांच्या फौजेने सिंदखेडला वेढा घातला, तेव्हा आत हैदराबादच्या निजामाचे सरदार म्हणून रामचंद्र जाधव! अशा घराण्याचा पोवाडा करायचा म्हटला तर शाहिराची पंचाईतच. पण मला तरी ही माणसं पुतळ्यातल्या माणसांपेक्षा जवळची वाटली. वतन सांभाळायचं, घर सांभाळायचं आणि सोयरीकही.

समाधीच्या आवारातच २०२४मध्ये पुरातत्त्व खात्याच्या खोदकामात शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली, १.७० मीटर लांबीची, पायाशी समुद्रमंथन कोरलेलं. तेव्हा बातम्या झाल्या, लोक धावले. लखुजीरावांच्या दारात गर्दी झाली ती अशी, विष्णूमुळे.

मोती तलाव, चांदणी तलाव धावते पाहिले. पुतळा बारव राहिली, कारण भूक लागली होती आणि घरचे कंटाळले होते. जेवण सुमार: पिठलं चांगलं, भाकरी गार, ठेचा मात्र जहाल.

बिल देताना काकांनी न राहवून विचारलं, “साहेब, तुमी जाधव काय?”

नाही म्हटलं.

“मंग एवढा वेळ काय करत होते तिथं?”