आमची वाटचाल : पडद्यावरच्या मजकुराचं काम

आमची फर्म एकच काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या पडद्यांवर मजकूर नीट बसवून द्यायचा. फॉन्ट, त्याचं वजन (अक्षराची जाडी), ओळीची उंची, बटणाची रुंदी, ओळ कुठे मोडायची आणि कुठे अजिबात मोडू द्यायची नाही, हे सगळं त्यात आलं. रंगसंगती आणि आयकॉन आम्ही घेत नाही. एवढ्याशा कामावर फर्म चालते का, असं लोक विचारतात. चालते. बंद पडायची वेळ आली तीही याच कामापायी, आणि तिथे आमचं म्हणणं बरोबर होतं.

सुरुवात डेस्कटॉपच्या डायलॉगांपासून, म्हणजे बटणं आणि लेबलं असलेल्या छोट्या खिडक्यांपासून झाली. रिसोर्स फाइलमध्ये, म्हणजे पडद्याचा आराखडा लिहिलेल्या फाइलमध्ये, प्रत्येक लेबलाची जागा डायलॉग युनिटमध्ये लिहायची. आडवं युनिट म्हणजे अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा भाग, उभं म्हणजे उंचीचा आठवा. फॉन्ट बदलला की अख्खा डायलॉग प्रमाणात वाढायचा, ही सोय खरोखर चांगली होती. पण ती सरासरी इंग्रजी अक्षरांवरून काढलेली, त्यामुळे मराठी लेबलाला तिचा उपयोग नव्हता. आम्ही आकडे लिहिणं सोडलं आणि प्रोग्रॅम चालू होताना मोजायला लागलो. विंडोजच्या ड्रॉटेक्स्ट या फंक्शनला कॅल्करेक्टचा फ्लॅग दिला की ते अक्षर काढत नाही, फक्त लागणारी चौकट परत देतं. ती घ्यायची, दोन्ही बाजूंना मोकळी जागा मिळवायची, मग बटण त्या मापाचं करायचं आणि शेजारचं सरकवायचं. अक्षरं सुटी मोजून बेरीज करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. देवनागरीत ती बेरीज चुकते, कारण 'ष्ट' ची रुंदी 'ष' अधिक 'ट' इतकी नसते. जोडणी झाल्यावरचा अख्खा शब्दच मोजावा लागतो.

विंडोज २००० मध्ये युनिस्क्राइब हा देवनागरी अक्षरं जोडून दाखवणारा भाग आणि मंगल हा युनिकोड फॉन्ट आले आणि आमचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला. त्याआधी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मात्रा आणि काने कोंबलेले ८ बिटांचे फॉन्ट वापरले जात. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर नुसती इंग्रजी चिन्हं दिसत, शोध लागत नसे, क्रमवारी लागत नसे. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा संकेतांक मिळाला, त्यामुळे मजकूर साठवायचा प्रश्न सुटला. तो पडद्यावर बसवायचा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तो आमच्याकडे येऊ लागला.

आमचे पहिले भागीदार फॉन्ट बनवण्याच्या कामातून आलेले होते. त्यांनी घालून दिलेली शब्दांची यादी आजही प्रत्येक कामात पहिली चालते : मूर्तींनी, शार्ङ्गधर, चिठ्ठ्या, राष्ट्रीय, हृदयविकार, दुसऱ्या, उच्छ्वास. 'मूर्तींनी' या एकाच शब्दात वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक येतात आणि खाली दीर्घ ऊकार लोंबतो. हा शब्द ज्या चौकटीत पूर्ण दिसतो तिथे बाकीचं बहुतेक सगळं मावतं. 'शार्ङ्गधर' मधला 'ङ्ग' कित्येक फॉन्टांत उभा रचला जातो आणि ओळीच्या तळाला टेकतो. 'दुसऱ्या' साठी वेगळं कारण आहे. हा अर्धा र कोणी नुक्त्याच्या ऱ पासून लिहितो, कोणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एकाने दुसरा सापडत नाही. आम्ही दोन्ही रूपं तपासतो.

भागीदारांनीच आम्हाला टीटीएक्स आणि एचबी-शेप या फॉन्ट तपासायच्या दोन साधनांची सवय लावली. टीटीएक्सने फॉन्ट उघडला की उंचीचे तीन संच समोर येतात : एचएचईए, टायपो आणि विन. मॅक पहिला संच वाचतो. विंडोजच्या जुन्या पद्धतीत विनच्या आकड्यांबाहेर गेलेली शाई कापली जाते. तिन्ही संचांत मेळ नसला की एकच फॉन्ट दोन यंत्रांवर वेगळ्या उंचीचा दिसतो, आणि मग डिझाइनर आणि प्रोग्रॅमर एकमेकांवर खापर फोडतात. एचबी-शेप शब्द घेऊन कोणती रूपं, कोणत्या क्रमाने, किती सरकत बसली ते छापतं. 'कि' दिला की वेलांटी आधी आणि क नंतर दिसतो, पण दोघांना एकच गटक्रमांक असतो. ज्याने हे एकदा पाहिलं तो क आणि वेलांटीच्या मध्ये स्पॅन, म्हणजे तेवढाच तुकडा वेगळा रंगवायची वेब-खूण, टाकणार नाही. शोधलेलं अक्षर पिवळं करताना हीच चूक सर्रास होते. फक्त 'क' रंगवायला जातात आणि वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर एकटी उरते. रंग द्यायचा तर पूर्ण अक्षरगटाला द्यावा.

आता तो कडू भाग. एका मोठ्या ग्राहकाचं अनेक भाषांतलं वेब-उत्पादन आमच्याकडे आलं. ग्राहकाचं नाव घेत नाही, पुढे ज्या फर्मने काम नेलं तिचंही नाही. ड्रॉइंग, म्हणजे डिझाइनरने काढलेलं पडद्याचं चित्र, आलं ते इंग्रजी मजकूर भरून. बटण ३२ पिक्सेल उंच, अक्षर १४ पिक्सेल, ओळीची उंची १६ पक्की. शीर्षकं कॅपिटल, अक्षरांत ०.०८ एम अंतर (एक एम म्हणजे अक्षराच्या मापाइतकी लांबी). स्वीकृतीची अट एकच, पडदा ड्रॉइंगशी पिक्सेलला पिक्सेल जुळला पाहिजे.

काम सुरू करण्याआधीच आम्ही लेखी कळवलं होतं की हे देवनागरीत होणार नाही, आणि कारणंही दिली होती. १४ पिक्सेलच्या देवनागरीत रफारापासून ऊकारापर्यंतची शाई अक्षरमापाच्या सव्वापटीपुढे सहज जाते, म्हणजे १६ ला ती मावत नाही. चौकटीला ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर गेलेलं झाकायचा नियम, असेल तर अनुस्वार नाहीसा होतो, आणि अनुस्वार गेला की अर्थ बदलतो. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांतलं अंतर, दिलं की शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटते. कॅपिटलचा नियम देवनागरीवर काहीच करत नाही, कारण लिपीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. म्हणजे ज्या फरकावर शीर्षक ओळखू यायचं तोच गळून पडतो, शीर्षक आणि मजकूर सारखे दिसतात. त्याऐवजी शीर्षकाचं माप १४ वरून १७ करा, वजन ६०० ठेवा, वरची मोकळी जागा वाढवा, असा पर्याय आम्ही नमुन्यासकट पाठवला. ७०० नको, कारण लहान मापात 'क्ष', 'ष्ट', 'द्ध' यांची पोटं बुजतात, हेही लिहिलं.

उत्तर आलं की ड्रॉइंग मंजूर झालेलं आहे. आम्ही ओळीची उंची २१ ठेवून काम दिलं, बटणं ३६ ची झाली, आणि 'डिझाइनशी जुळत नाही' या एका शेऱ्यावर बिलं अडकली. त्याच वेळी दुसऱ्या फर्मने 'हुबेहूब करून देतो' म्हणून काम नेलं.

त्यांनी कसं जुळवलं तेही सांगतो, कारण ही पद्धत अजून चालू आहे. मराठीपुरतं अक्षर ११ पिक्सेल केलं. लांब लेबलं भाषेच्या फाइलमध्येच ठरावीक लांबीला कापली, तीही कोडच्या एककांवर मोजून. 'क्षि' हे वाचणाऱ्याला एक अक्षर, पण आत चार संकेतांक आहेत : क, हलन्त, ष, वेलांटी. मधेच कापलं की शेवटी पाय मोडका क् उरतो. डेटाबेसच्या रकान्याची लांबी बाइटमध्ये होती, आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक ३ बाइट घेतो. ३० बाइटांत १० संकेतांक बसतात. एखाद्या संकेतांकाच्या मधेच तुकडा पडला तर तिथे चौकोनातलं प्रश्नचिन्ह येतं. शीर्षकं तर त्यांनी चित्रं म्हणून टाकली, म्हणजे ती मोठी केली की धुरकट, वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मुकी, आणि भाषा बदलली तरी तीच. ड्रॉइंग शेजारी ठेवून पाहिलं तर पडदा मात्र तंतोतंत जुळत होता, आणि स्वीकृतीत तेवढंच पाहिलं गेलं.

ते काम पुढे नमुना म्हणून दाखवलं गेलं. आमची राहिलेली रक्कम आली नाही, दोन जुने ग्राहक 'तुमचं काम डिझाइन पाळत नाही असं ऐकलं' म्हणून थांबले, आणि आमच्या पगाराची सोय होईना. ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. मराठी वाचणाऱ्या माणसाने ११ पिक्सेलमध्ये डोळे ताणावेत, हा निर्णय कोणीतरी त्याला न विचारता घेतला होता.

फर्म वाचली ती एका ग्राहकामुळे. रुग्णालयातल्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवणारी ही संस्था आमच्याकडे डायलॉगांच्या काळापासून होती. त्यांनी पुढच्या वर्षाच्या देखभालीचे पैसे आगाऊ दिले आणि अट कोणतीही घातली नाही. त्यांना आमच्या कामाची किंमत कळायचं कारण त्यांच्या पडद्यांतच होतं. औषधाचं नाव आणि मात्रा कधीच टिंबं टाकून कापायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. दोन औषधांची नावं सुरुवातीला सारखी आणि शेवटी वेगळी असू शकतात. म्हणून तिथे ओळ मोडू द्यायची, रकान्याला पक्की उंची (हाइट) न देता कमीत कमी उंची (मिन-हाइट) द्यायची, आणि आकडा व त्याचं एकक यांच्यामध्ये न तुटणारी स्पेस ठेवायची, म्हणजे '५' एका ओळीत आणि 'मिलि' दुसऱ्या ओळीत जात नाही. टिंबं फक्त पत्त्यासारख्या मजकुराला, आणि तिथेही पूर्ण मजकूर उघडून पाहायची सोय हवी. फ्लेक्सच्या, म्हणजे घटक शेजारी शेजारी मांडणाऱ्या, ओळीत टिंबं येतच नाहीत अशी तक्रार असेल तर त्या घटकाला मिन-विड्थ शून्य द्या. मूळ किंमत ऑटो असते, त्यामुळे घटक मजकुराहून अरुंद व्हायला तयार होत नाही आणि अख्खी ओळ बाहेर ढकलतो.

त्यानंतर वेब आणि मोबाइलची कामं वाढत गेली, माणसं वाढली, त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही.

या धंद्यात येणाऱ्यांनी विचारलं नसलं तरी काही गोष्टी सांगून ठेवतो. ओळीची उंची नेहमी बिनएककाची द्या, देवनागरीला १.५ ते १.७. टक्क्यांत किंवा एममध्ये दिली की ती मूळ घटकावर एकदाच मोजली जाते आणि पिक्सेलचा आकडा खाली वारशाने जातो. १६ पिक्सेलच्या १५० टक्क्यांचे २४ झाले, आणि आतल्या ३२ पिक्सेलच्या शीर्षकालाही २४ च मिळाले, मग ओळी एकमेकींवर चढतात. उंची नॉर्मल सोडली तर वेगळा त्रास होतो. ज्या ओळीत पर्यायी फॉन्टची अक्षरं येतात ती ओळ उंच होते, आणि तक्त्यात मराठी नावांच्या ओळी इंग्रजी नावांपेक्षा जाड दिसतात.

इंग्रजी फॉन्ट यादीत आधी आणि देवनागरी पर्यायी, असं ठेवलं की दोन्हींची मापं जुळत नाहीत. युनिकोड-रेंज देऊन देवनागरीचा फॉन्ट ०९०० ते ०९७एफ या देवनागरीच्या संकेतांकांपुरता बांधा, त्यात २००सी आणि २००डी ही अदृश्य चिन्हं विसरू नका, मग साइज-अ‍ॅडजस्टने दोन्हींचा आकार डोळ्याला सारखा करा. पानाला भाषा 'एमआर' अशी लिहा. फॉन्टमध्ये मराठी ल आणि श ची रूपं असतील तर ती त्यावरूनच निवडली जातात. भाषा हिंदी लिहून ठेवलेली मराठी पानं पाहिली की वाईट वाटतं. फॉन्ट-सिंथेसिस बंद ठेवा. ठळक फाइल नसताना ब्राउझर खोटा ठळकपणा आणतो, शिरोरेषा जाडजूड होते आणि अक्षरांतल्या मोकळ्या जागा भरून जातात. लिंकखालची रेघ उकारांना छेदते किंवा प्रत्येक उकाराशी तुटते, तिला अंडरलाइन-ऑफसेटने खाली ओढा.

अँड्रॉइडवर अक्षराचं माप एसपीमध्येच, म्हणजे वापरणाऱ्याने निवडलेल्या अक्षरमापाप्रमाणे बदलणाऱ्या एककात, द्या. 'इन्क्लूड फॉन्ट पॅडिंग' बंद करून मजकूर मध्यावर आणायचा मोह टाळा, त्याने पहिल्या ओळीचे रफार कापले जातात. मजकूर मध्यावर दिसत नसेल तर फॉन्टचे आकडे तपासा. आयओएसवर लेबलाच्या ओळींची संख्या शून्य ठेवा, म्हणजे लागतील तितक्या ओळी मिळतात, आणि डायनॅमिक टाइपच्या, म्हणजे वापरणाऱ्याने निवडायच्या अक्षरमापांच्या, सर्वांत मोठ्या मापाला पडदा उघडून बघा. समास डावा-उजवा न लिहिता सुरुवात-शेवट असा लिहा, म्हणजे अरबी किंवा उर्दू आली तरी नियम तेच राहतात.

लांबी मोजायची तर अक्षरगटांवर मोजा, त्यासाठी ब्राउझरमध्ये सेगमेंटर आहे. मात्र युनिकोड १५.१ च्या, म्हणजे २०२३ च्या आधीच्या नियमांवर चालणारी साधनं 'क्षि' हलन्तापाशी दोन गटांत तोडतात. जुन्या यंत्रांसाठी हलन्तानंतर न कापण्याचा नियम स्वतः लिहावा लागतो.

तपासणीत मजकूर २०० टक्के करायचा, पडदा ३२० पिक्सेल रुंद करायचा, ओळीची उंची १.५ आणि शब्दांतलं अंतर ०.१६ एम जबरदस्तीने लावायचं. यातल्या रुंदीच्या आणि अंतरांच्या अटी २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, म्हणजे वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या नियमावलीत, आल्या, २०० टक्क्यांची त्याआधीपासून आहे. अक्षरांतल्या अंतराची अट देवनागरीला लावू नये, ज्या लिपीत तो प्रकार नाही तिला तिथेच सूट आहे. तरीही कोणी ०.१२ एम लावून नापास करायला निघालं तर तो परिच्छेद त्यांच्यापुढे ठेवा.

करारात स्वीकृतीसाठी ड्रॉइंगचा उल्लेख येऊ देऊ नका. मजकुराची यादी जोडा, आणि 'यादीतला प्रत्येक शब्द, प्रत्येक भाषेत, २०० टक्क्यांवर न कापता दिसला पाहिजे' असं लिहून घ्या. ड्रॉइंग मागवताना त्यात याच यादीतला मजकूर भरून मागवा, 'मूर्तींनी' सकट. नुसता इंग्रजी मजकूर भरलेलं ड्रॉइंग आलं तर आम्ही ते आता परत पाठवतो, आणि बदलून येईपर्यंत कामाची तारीख देत नाही.