खरखर

"अरे, ती खरखर नव्हती. ब्रश होता तो, ड्रमवरचा," बाबा मागून म्हणाले आणि माझा माउसवरचा हात तसाच थांबला.

१९५०च्या दशकातली जॅझची मोनो एलपी, म्हणजे जुनी तबकडी, कॉम्प्युटरवर उतरवत होतो. रेकॉर्ड डिजिटल करताना घाई चालत नाही. बावीस मिनिटांच्या बाजूला बावीस मिनिटंच लागतात. घाई केली ती नंतर. खरखर घालवणारं फिल्टर पार टोकाला नेऊन ठेवलं.

मूळ फाईल परत लावली. पियानो थांबतो तिथे स्नेअर ड्रमवर तारांचा ब्रश गोल गोल फिरतोय, कुणी हलक्या हाताने केर काढावा तसा. माझ्या 'साफ' फाईलमध्ये तिथे नुसती पोकळी. ड्रमवाला मधेच उठून गेल्यासारखी.

फिल्टरचा तरी काय दोष? ब्रशची सळसळ आणि रेकॉर्डच्या खाचेतली खरखर त्याला सारखीच. टकटक काढणारं फिल्टर तर कधी कधी ट्रम्पेटची पहिली फुंकरसुद्धा खातं.

आणि हे पकडलं कुणी? एरवी दारावरची बेल ऐकू न येणाऱ्या बाबांनी!

आता मूळ फाईल जशीच्या तशी जपून ठेवलीय. मोठे ओरखडे तेवढे हाताने, एकेक करून काढतोय. याआधी साफ केलेल्या चाळीसेक रेकॉर्ड्समधून काय काय गेलं असेल, हे मात्र डोक्यातून जात नाहीये.

तुम्ही किती खरखर राहू देता?