पैठणच्या मण्यांमागे विद्यापीठापर्यंत

पैठणहून सकाळी निघालेली एसटी बिडकीन, चितेगाव, नक्षत्रवाडी करत छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकात पोहोचते. हा प्रवास मी आजवर दवाखाना, बाजार आणि लग्नकार्य यांसाठी असंख्य वेळा केला आहे. भाद्रपद संपत आला असताना मात्र मी निघालो तो पिशवीतल्या एका पत्र्याच्या डबीसाठी. तिच्यात अकरा मणी होते. लहानपणी पाऊस उघडला की आम्ही पोरे गावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, धावायचो, कारण पाण्याने माती धुपली की तांबडे, करडे, पट्ट्यापट्ट्यांचे मणी उघडे पडायचे. ‘खाली नगरी पालथी पडलेली आहे, तिच्या बायांचे हे दागिने,’ असे आजी सांगायची. पुढे इतिहासाचा शिक्षक झालो, सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपलेच पैठण हे वर्गात शिकवू लागलो, तरी त्या डबीकडे अभ्यासाच्या नजरेने पाहायला मला फार उशीर झाला.

शहरातच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. त्याची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली आणि त्याच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात आपल्या भागात निघालेल्या जुन्या वस्तू जपलेल्या आहेत. काचेच्या कपाटात मांडलेले कोणालाही पाहता येते. मला हवा होता तो मांडणीत नसलेला, कपाटबंद, अभ्यासासाठी राखून ठेवलेला संग्रह, आणि तिथे केवळ तिकीट काढून जाता येत नाही. हे मी आधी एका दुसऱ्या संग्रहालयात अनुभवले होते. तिथे मी पत्राविना गेलो, दिवसभर बाकावर बसलो आणि संध्याकाळी ‘साहेब आले नाहीत’ एवढे ऐकून परतलो. त्या दिवशी मला राग आला होता. पण काय पाहायचे आहे आणि कशासाठी, हे मी स्वतःच कागदावर मांडले नव्हते, हेही तितकेच खरे.

या वेळी महिनाभर आधी अर्ज केला. ‘प्राचीन मणी पाहावयाचे आहेत’ अशी मोघम विनंती न करता, पैठण परिसरातील अकीक (अगेट) व तांबडा अकीक या दगडांचे मणी, त्यांच्या छिद्रांचे मोजमाप, रेखाटने आणि शक्य झाल्यास छायाचित्रे, असे नेमके लिहिले. सोबत संस्थेचे पत्र आणि ओळखपत्राची प्रत जोडली, शिवाय दोन पर्यायी तारखा दिल्या. अर्ज जितका नेमका, तितके आतल्या माणसांचे काम सोपे होते, कारण त्यांना नोंदवहीतून दाखल क्रमांक शोधून त्या त्या पेट्या आधीच काढून ठेवाव्या लागतात.

पाणचक्कीवरून रिक्षा विद्यापीठाच्या दरवाजापाशी आली, तेव्हा मागचे डोंगर पावसाने हिरवेगार झाले होते. औरंगाबादची बौद्ध लेणी याच डोंगरात आहेत. संग्रहालयात अभिरक्षक मॅडमनी पत्र पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘सर, पिशवीत काय आहे?’ मी डबी दाखवली. ती आत नेता येणार नव्हती. बाहेरचे मणी टेबलावर आले आणि एक जरी चुकून संग्रहातल्या पेटीत पडला, तर तो पुन्हा वेगळा ओळखणे अशक्य, असे त्यांनी शांतपणे सांगितले. डबीची नोंद झाली आणि ती बाहेरच्या कपाटात राहिली. शाईचे पेनही बाहेर ठेवावे लागले, आत फक्त शिसपेन्सिल चालते.

संग्रहालयातल्या मदतनीस मामांनी नोंदवहीशी क्रमांक ताडून एक ट्रे आणला. तळाशी मऊ फोम होता आणि प्रत्येक मणी छोट्या पारदर्शक पिशवीत, चिठ्ठीसह. एका वेळी एकच पिशवी उघडायची, मणी ट्रेच्या वर फार उंच उचलायचा नाही आणि तो परत ठेवल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही. सुरुवातीला ही शिस्त संथ वाटते, तासाभरात मात्र हातालाच तिची सवय होते.

मी दिवसाचा बराच वेळ एका तांबड्या अकीकाच्या मण्यावर घालवला. लांबी चौदा मिलिमीटर, दोन्ही टोकांना किंचित निमुळता, मध्ये फुगीर. उजेडाकडे धरला की पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा आतून पेटल्यासारखा दिसे. हा रंग बहुधा भट्टीत आणतात, दगडातले लोह उष्णतेने लाल होते. भिंगाखाली छिद्र पाहिले तेव्हा मी श्वास रोखला. कारागिराने दोन्ही टोकांकडून भोक पाडत आणले होते आणि मध्यावर दोन वाटा केसभर चुकून भेटल्या होत्या, तिथे एक बारीकशी पायरी राहिली होती. अकीक पोलादी चाकूने ओरखडत नाही, इतका कठीण. त्यात एवढे सरळ भोक पाडणाऱ्या माणसाची ती केसभर चूक मला पाहायला मिळाली. ती पायरी मी चार वेळा रेखाटली.

हा दगड आपल्याच मातीतला आहे. दख्खनच्या लाव्हात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका थरांथरांनी साचून अकीक तयार झाला, आणि खडक झिजल्यावर तो नदीच्या गोट्यांत आला. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात पैठण हे भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. तिथून अकीकाच्या जातीचा पट्टेदार दगड गाड्यांवरून बंदरात जाई, असेही त्यात येते. वर्गात मी हे वाक्य वर्षानुवर्षे वाचून दाखवत आलो. गोदावरीकाठचा मणी बोटांत धरून ते आठवले तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्या गावाबद्दलचे वाटले.

मण्याइतकीच त्याची चिठ्ठी महत्त्वाची होती. उत्खननाचे स्थळ, खड्डा, मातीचा थर, खोली. या चार नोंदींमुळेच त्या मण्याच्या जोडीला कोणती खापरे होती, कोणती नाणी होती, हे सांगता येते आणि त्यावरून काळ ठरतो. दुसऱ्या पेटीत भेटीदाखल आलेले मणी होते. घडण तितकीच सुबक, पण चिठ्ठीवर ‘स्थळ अज्ञात’. त्यांच्याबद्दल मी दगड, आकार आणि वजन यापलीकडे काहीही लिहू शकलो नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावपरिसरातल्या वस्तू आयुष्यभर निष्ठेने जमवल्या आणि त्यांतूनच तिथले शासकीय संग्रहालय उभे राहिले. ते नसते तर त्या वस्तू कुठल्या कुठे गेल्या असत्या. तरीही जमिनीवर वेचलेल्या वस्तूला थर नसतो, ही उणीव कोणाच्याही निष्ठेने भरून निघत नाही.

छायाचित्रांना परवानगी मिळाली, फ्लॅशशिवाय आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. ती कुठे छापायची झाल्यास स्वतंत्र अर्ज करायचा आणि दाखल क्रमांक द्यायचा, असे मी लिहून दिले. जेवणाची सुट्टी सोडून दिवसभरात माझे फक्त नऊ मणी झाले.

निघताना मॅडमनी डबी परत दिली आणि कागदावर उघडून पाहिली. ‘सर, हे कुठे सापडले?’

‘पांढरीवर.’

‘कोणत्या बाजूला?’

मला सांगता आले नाही. त्यांनी रागावून विचारले नव्हते. आठवेल तेवढे आजच लिहून काढा, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, तेव्हा पुरातत्त्व विभागालाही कळवा, असे त्या म्हणाल्या. पुढे वेचू नका, दिसले तर जागेवरच फोटो काढा, हेही त्यांनी सांगितले.

परतीच्या एसटीतून मी थोरल्या बहिणीला फोन लावला. ‘अक्का, आपण मणी वेचायचो ती जागा नेमकी कोणती गं?’ तिने क्षणभरही विचार केला नाही. नागघाटाकडून वर चढलं की डाव्या अंगाला, पडक्या भिंतीच्या खाली, आणि तुझा तो पट्ट्यापट्ट्यांचा मोठा मणी मला सापडला होता, तू मागून घेतलास. मी वहीत तिचे नाव लिहिले, बाजू लिहिली, आणि वर्षापुढे ‘अंदाजे १९८८’ लिहून, तो पट्टेदार मणी वेगळ्या कागदात गुंडाळला.