उमरेड रोडवरचं गाढवांचं वावर

नागपूर बघायचं असेल तर पोळ्याच्या आदल्या दिवशी बघावं. विदर्भ एक्स्प्रेसमधून सकाळी उतरले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले आणि सक्करदरा, दिघोरी करत उमरेड रोडला लागले. दोन्ही बाजूंना पोळ्याचा बाजार भरला होता. झुली, घुंगरमाळा, बाशिंगं, गेरूचे ढीग होते. तान्ह्या पोळ्यासाठी लहान-मोठे लाकडी नंदी रांगेत मांडले होते. सगळा थाट बैलांचा. मी मात्र निघाले होते गाढवांकडे.

विहीरगाव मागे पडलं की शहर विरळ होतं आणि पाचगावच्या आसपास खदानींचे ट्रक सुरू होतात. तिथून पुढे एका पांदण रस्त्यानं आत गेलं की तीन एकरांचं एक वावर लागतं. वेकोलीतून, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीतून, निवृत्त झालेले एक काका आणि त्यांच्या घरच्या काकू तिथे चौदा गाढवं आणि तीन खेचरं सांभाळतात. फाटकावर पाटी नाही, आणि ती मुद्दाम लावलेली नाही. पाटी लागली की रात्री कुणीतरी जनावर आणून फाटकाला बांधून जातं, असं काका म्हणाले. वावराचा पत्ता मीही इथे देत नाही.

अशा जागेची माझ्या मनात एक कल्पना होती: हिरवं कुरण, मोकळी जनावरं, झाडाखाली सावली. सावली आहे, कडुनिंबाची आणि दोन मोठ्या चिंचांची. हिरवं कुरण मात्र काकांनी मुद्दाम ठेवलेलं नाही. गाढव मूळचं कोरड्या, दगडाळ मुलखातलं जनावर. त्याची आतडी वाळल्या काडीवर चालतात. हिरवा, कोवळा चारा भरपूर मिळाला की ते सुटतं, मानेवर चरबीचा घट्ट पट्टा चढतो आणि खुरांच्या आत सूज येऊन ते उभं राहीनासं होतं. म्हणून इथे गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, आणि ज्वारीचा कडबा, तोही मोजून. काकू मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाला की आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून वर्षभराचं कुटार घेऊन टिनाखाली कोरडं भरून ठेवतात. भेटायला येणारे प्रेमानं शिळ्या पोळ्या आणि गूळ आणतात. त्या पिशव्या फाटकावरच ठेवायला सांगतात आणि गावातल्या गाईंना देतात.

"लोकाईले वाटते आम्ही कंजूष हावो," काकू म्हणाल्या. "पण ताई, आमच्या गाढवाले पोळी म्हणजे जहर हाय."

दुसरी अडचण पावसाची. घोड्याच्या अंगावरून पाणी जितकं ओघळून जातं तितकं गाढवाच्या केसांवरून जात नाही, ते आत झिरपतं. पावसात उभं राहिलेलं गाढव खरोखर भिजतं आणि गारठतं. त्यात नागपूरकडची काळी माती. चार दिवस झड लागली की ती चिकण बनून खुरात भरते आणि हवा लागू देत नाही. काकांनी पहिल्या पावसाळ्यातच कोठ्याची जमीन हातभर उकरून काढली, खाली मुरूम दाबला आणि वर खदानीच्या क्रशरवरची बारीक चुरी टाकली. त्यावर पाणी थांबत नाही. बाहेर चिखलाचा राडा असताना कोठ्यात माझ्या चपला कोरड्या राहिल्या.

मी पोचले तेव्हा खुरं कापायचं काम चाललं होतं. दर सहा ते दहा आठवड्यांनी प्रत्येक जनावराची चारही खुरं साफ करून कापावी लागतात. पोळ्याच्या दिवसांत नालबंद बैलांच्या कामात गुंतलेला असतो, म्हणून काका आता स्वतःच शिकलेत. भुरी नावाची गाढवी कडुनिंबाला बांधली होती. काकांनी तिचा मागचा पाय हलकेच उचलून मांडीवर घेतला आणि लोखंडी आकड्यानं खुरातली माती काढली. एक कुजका, आंबूस वास आला. तळव्याच्या मधोमध जो मऊ त्रिकोणी भाग असतो, त्याच्या फटीत काळं काहीतरी होतं. काकांनी ते सुरीनं खरवडलं, खालची स्वच्छ पांढुरकी कड समोर आली, मग कानस घेऊन टोक घासलं. फटीत आयोडीनमध्ये भिजवलेला कापूस दाबून बसवला. एवढा वेळ भुरी हललीसुद्धा नाही. तिचे कान मात्र मागे वळून काकांच्या दिशेनं लागलेले होते.

"दुखत नाही का हो तिला?" मी विचारलं.

"दुखते न. दाखवत नाही." काकांनी पाय खाली ठेवला. "घोडं बोंबलते, लाथा मारते. गाढव गुमान उभं राहते. ते नुसतं गुमान उभं दिसलं न ताई, तवाच आपण घाबराचं."

मला त्या दिवशी कळलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. गाढव दुखणं लपवतं. त्यानं एक वेळचं कुटार सोडलं तरी काका डॉक्टरांना फोन लावतात, कारण उपाशी गाढवाच्या अंगातली चरबी वितळून रक्तात उतरते, यकृत निकामी होतं आणि काही दिवसांत जनावर हातचं जातं. नागपुरात १९५८पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे हे या वावराचं नशीब. गाढवावर हात बसलेला डॉक्टर प्रत्येक जिल्ह्यात मिळत नाही.

ही जनावरं आली कुठून? बहुतेक वीटभट्ट्यांवरून, काही बांधकामांवरून, दोन-तीन शहरातल्या कचऱ्यावरून. भट्टीचा हंगाम पावसाळा संपला की सुरू होतो आणि पुढच्या पावसापर्यंत चालतो, म्हणजे नागपूरचा अख्खा उन्हाळा त्यात येतो. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ सालचे केंद्र सरकारचे नियम आहेत. गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त ५० किलो, दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ कामच नाही. वीट साधारण तीन किलोची धरली तर ५० किलोत सोळा विटा होतात. गाढवाच्या पाठीवर सोळाच विटा मी तरी कधी पाहिलेल्या नाहीत. आणि ३७ अंशांचं म्हणाल तर नागपुरात मार्च संपतासंपता पारा त्याच्या वर जातो, तो मृगाचा पाऊस पडेपर्यंत खाली येत नाही. नियम साठ वर्षांचा झाला, पण भट्टीवरच्या कुणी तो ऐकलेलाही नसतो.

त्या पाठी बघायला हव्यात. सोनी म्हणून एक गाढवी आहे. तिच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे केस नसलेले, चकचकीत काळे पट्टे आहेत. तिथे जखमेवर जखम होत गेली आणि कातडी जाड झाली. लाखन नावाच्या खेचराच्या नाकपुड्या वरपर्यंत चिरलेल्या आहेत. असं केल्यानं जनावराला दम लागत नाही, अशी एक समजूत आहे. त्यात काही तथ्य नाही, आणि भूल न देता चिरलेलं ते नाक जन्मभर तसंच राहतं. लाखन अजूनही कुणाला तोंडाजवळ हात नेऊ देत नाही. काकू त्याच्याशी बोलत बोलत खांद्याकडून जवळ जातात आणि तिथेच थांबतात. पुढे यायचं की नाही ते तो ठरवतो.

तरीही मालकांना सरसकट निर्दय म्हणायला काका तयार नाहीत, आणि दुपारनंतर मलाही ते पटलं. कन्हानकडच्या एका भट्टीवर काम केलेले एक गृहस्थ सोनीला भेटायला आले. पोळ्याला दरवर्षी येतात म्हणे. पायात रबरी चपला, हातात ज्वारीच्या वाळलेल्या धांड्यांची एक पेंढी. सोनीनं त्यांना लांबून ओळखलं, आणि जी ओरडली की कोठ्यातली सगळी मान वर करून बघायला लागली. ते तिच्या मानेवर हात फिरवत मला म्हणाले, "माह्या पोरीची फी हिच्या पाठीवर भरली जी. हिचा पाय गेला तवा व्यापारी आल्ते. मी नाही देल्ली."

ते व्यापारी का आले होते, हे सांगायला हवं. भारतात २०१२च्या पशुगणनेत सुमारे ३.२ लाख गाढवं होती, २०१९ला ती सुमारे १.२ लाख उरली. खेचरंही निम्म्याहून कमी झाली. ट्रॅक्टर आले, छोटे टेम्पो आले. कोराडी-खापरखेड्यासारख्या वीज केंद्रांच्या राखेपासून विटा बनू लागल्या. काम गेलं की पोटाला भार झालेलं जनावर विकलं जातं किंवा सोडून दिलं जातं. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून एजियाओ नावाचं औषधी जिलेटिन करतात. त्याच्या मागणीनं जगभरातली गाढवं ओढून नेली. आफ्रिकी संघानं २०२४च्या फेब्रुवारीत कातड्यासाठी गाढवांच्या कत्तलीवर बंदी घातली ती यामुळेच. आपल्याकडे गाढव हे खाण्याचं जनावर म्हणून मान्य नाही, तरीही अशा सौद्यांच्या बातम्या येतात. ज्या माणसाचं घर त्या दिवसाच्या मजुरीवर चालतं, त्यानं व्यापाऱ्याला नाही म्हणणं ही फार मोठी गोष्ट आहे. अशा माणसाला गुन्हेगार ठरवून गाढव ओढून आणणारी सुटका मला नको वाटते. त्याच्या दारी डॉक्टर आणि ओझ्याखाली घालायची जाड गादी पोचली तर कित्येक गाढवांना सुटकेची गरजच पडणार नाही.

संध्याकाळी खांदशेकणी झाली. विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद आणि लोण्यानं चोळून पळसाच्या पानांनी शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. अकोटला भोई समाजातली मंडळी तर गाढवांचाच पोळा करतात. काकूंनी पितळी वाटीत लोणी-हळद कालवली आणि एकेका गाढवाच्या पाठीवर, जुन्या घट्ट्यांवर बोटांनी जिरवली. लोणी जिरलं की कोरडी, तडकलेली कातडी मऊ पडते, त्यामुळे हा नुसता उपचार म्हणूनही चांगला. प्रत्येकाच्या कानाशी वाकून त्या म्हणत होत्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." लाखनच्या वेळी वाटी त्याच्यासमोर जमिनीवर ठेवली आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. त्यानं वास घेतला, मग मान वळवून पाठ त्यांच्या बाजूला केली. काकूंनी हात लावला आणि आवतण दिलं.

रात्री जेवताना (झुणका, ज्वारीची भाकर, ठेचा) मी खर्चाचं विचारलं. पेन्शनचा मोठा भाग इथे जातो, मुलगा काही पाठवतो, गावातली दोन पोरं शेण काढायला येतात आणि ते खत संत्र्याच्या बागवाल्यांना विकलं जातं. आणखी जनावरं का घेत नाही, या प्रश्नावर काका जरा वेळ गप्प राहिले. "गाढव नीट सांभाळलं तर तीस वर्षं जगते ताई. मी अडुसष्ट वर्षांचा हाव." भुरी-चंद्रीच्या जोडीतली चंद्री गेल्या हिवाळ्यात गेली. काकांनी तिला लगेच उचलू दिलं नाही. भुरी तिच्याजवळ गेली, हुंगलं, पायानं ढोसलं, बराच वेळ उभी राहिली आणि मग आपणहून बाजूला झाली. गाढवांची जोडी घट्ट असते. सोबतीण डोळ्यांदेखत न जाता नाहीशी झाली तर मागे राहिलेलं शोधत फिरतं, चारा सोडतं, आणि मग तेच ते चरबीचं दुखणं. आता भुरी सोनीच्या शेजारी असते, पण ती जोडी जमायला काकूंना सगळा उन्हाळा लागला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. कळमन्याच्या बाजूला रस्त्याकडेला एक लंगडं गाढव उभं होतं, कुणीतरी दयाळू मुलगा बोलत होता. आणखी जनावरं नकोत असंच आत्ता सुचवलं होतं, पण काका उठून अंगणात गेले आणि प्रश्न विचारू लागले. नाकातून शेंबडासारखं काही येतं का? अंगावर गाठी, फुटलेले फोड आहेत का? तसं असेल तर हात लावायचा नाही, कारण ग्लँडर्स हा घोड्या-गाढवांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, आणि आधी सरकारी डॉक्टर. इथे नवीन जनावर आलं की ते कोठ्यापासून लांब, पलीकडच्या धुऱ्याजवळच्या वेगळ्या खोपीत राहतं. त्याचं रक्त तपासणीसाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातं, आणि निकाल येईपर्यंत त्याची बादलीसुद्धा वेगळी. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र पहिल्याच दिवशी.

सगळं विचारून झाल्यावर काकांनी शेवटचा प्रश्न केला. "आजूबाजूले दुसरं गाढव हाय का पाय. जवळच असंल." पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मग मुलगा म्हणाला, हो, नाल्याच्या पलीकडे एक उभं आहे, इकडेच बघतंय.

"मंग दोन्ही आन," काका म्हणाले. "एकटं नको आनू."

काकू तोवर कंदील घेऊन खोपीकडे निघाल्या होत्या, दुसरी बादली शोधायला.