त्यात काही नसतं, आजी

भाचीच्या साखरपुड्याचे जेवण ठरवण्यासाठी केटरर एका दुपारी आमच्या दादरच्या घरी आले होते. मसालेभात की पुलाव, जिलेबी की श्रीखंड हे वाद चहा निवण्याआधीच मिटले. गाडी अडली ती मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर. तिथे 'मॉकटेल काउंटर' या मथळ्याखाली व्हर्जिन मोजितो, व्हर्जिन पिना कोलाडा, ब्लू लगून अशी नावे होती. माझ्या 82 वर्षांच्या मावशीने चष्मा सावरून पहिले नाव मोठ्याने वाचले आणि विचारले, "व्हर्जिन म्हणजे काय हो?" केटररांनी क्षणभर पंख्याकडे पाहिले. "म्हणजे त्यात काही नसतं, आजी."

"मग माणशी एवढे पैसे कशाचे?"

मावशीचा प्रश्न हिशेबाचा होता. मला मात्र ते नावच खटकले. पदार्थात काय नाही यावरून त्याचे बारसे करण्याची आपली रीत नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याच्या डाळीबरोबर येणाऱ्या पन्ह्याला कुणी बिनदारूची कैरी म्हटलेले मी ऐकले नाही. मोजितो हे क्यूबाचे पेय. पांढरी रम, लिंबू, साखर, पुदिना आणि सोडा एवढाच त्याचा संसार. त्यातली रम काढली की उरलेली मंडळी आपल्याच घरातली असतात. ब्लू लगूनची गत याहून वाईट आहे. त्याला निळा रंग देणारे कुरासाओ हे मूळचे कॅरिबियन बेटावरच्या कडवट संत्र्यांच्या सालींचे मद्य. आपल्या मांडवापर्यंत त्यातली फक्त निळाई आणि साखर पोहोचते. मद्याबरोबर त्याचा चटका आणि कडवटपणाही जातो, त्या जागी काहीच येत नाही, आणि मग उरलेला गोड पाक माणूस दोन घोटांत संपवून रिकामा ग्लास कुठे ठेवावा या विवंचनेत उभा राहतो.

रिकाम्या ग्लासाची ही विवंचना मला वडिलांमुळे ठाऊक आहे. ते परळच्या एका गिरणीच्या कचेरीत होते आणि दारू पीत नसत. कचेरीतल्या निरोपसमारंभांना कधी कधी मलाही घेऊन जात. थम्स अप 1977 साली नुकतेच बाजारात आले होते. वडील उंच ग्लासात ते घेत, त्यात बर्फ आणि लिंबाची चकती टाकून घेत, आणि तोच एक ग्लास तीन तास हातात धरून सगळ्या दालनभर फिरत. लोकांना ती रम वाटे आणि वडील तो गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडत नसत. "नको म्हटलं की आग्रह सुरू होतो, हातात काही दिसलं की थांबतो," असे त्यांनी मला परतीच्या बसमध्ये सांगितले होते. समारंभ संपता संपता तो ग्लास माझ्याकडे येई. गॅस उडालेले, बर्फ विरघळून पांचट झालेले ते कोमट पाणी मी मोठ्या मानाने पीत असे.

1949 सालचा मुंबई दारूबंदी कायदा नावात बदल होऊन आजही जागेवर आहे, आणि कागदोपत्री या शहरात पिणाऱ्याला परवाना लागतो. व्यवहारात कारण दाखवावे लागते ते न पिणाऱ्यालाच.

तेव्हा मी ते पान केटररांना परत केले आणि आमसुलाचे आगळ, ठेचलेले आले, मिरपूड, काळे मीठ आणि वरून सोडा असे एकच पेय सांगितले. साखर निम्मी ठेवायची, आणि ग्लास उंच, काचेचा हवा, कागदी पेला नको, एवढ्या दोन अटी मी घातल्या. पेयाला नाव काय द्यायचे, असे त्यांनी विचारले. "कोकम," मावशी म्हणाली.

आमच्या हॉलमध्ये मद्य चालत नाही. म्हणूनच काही पुरुषमंडळी दर अर्ध्या तासाने 'गाडी नीट लागली आहे का ते पाहून येतो' असे सांगून खाली जातात. माझा मामेभाऊ पूर्वी या गाडी पाहणाऱ्यांत सर्वांच्या पुढे असे. दीड वर्षापूर्वी त्याने सोडली, आणि तेव्हापासून तो कार्यांना येतो, आहेराचे पाकीट देतो आणि पान वाढण्याआधी निघून जातो. साखरपुड्याच्या संध्याकाळी तो काउंटरजवळ उभा होता. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल रे, गाडी बघून येऊ." त्याने हातातला ग्लास किंचित वर केला आणि म्हणाला, "हे संपू दे."

पंगत बसली तेव्हा तो माझ्या शेजारच्या पानावर येऊन बसला. ग्लास त्याने बरोबर आणला होता, आणि त्यात अजून अर्धे कोकम शिल्लक होते.